वाचक विचारतात : बदललेली वेळापत्रके आणि रोजचा प्रवास

रेल्वे आणि एसटीच्या बदललेल्या वेळांविषयी मराठवाड्यातील वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक प्रश्न रोज ये-जा करणाऱ्या नोकरदारांचे आणि विद्यार्थ्यांचे आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी बदनापूरहून छत्रपती संभाजीनगरला रोज नोकरीसाठी जातो. वेळापत्रकात आमच्या पॅसेंजरची वेळ थोडीच पुढे गेली आहे; पण प्रत्यक्षात ती वाटेतल्या लहान स्थानकात थांबवली जाते आणि मागून आलेली जलद गाडी पुढे काढली जाते. असे का होते, आणि जुनी वेळ परत मिळू शकते का? — एक नोकरदार वाचक

उत्तर : याचे मुख्य कारण एकेरी मार्ग हे आहे. परभणी ते मुदखेड हा ८१ किलोमीटरचा टप्पा दुहेरी झाला असला, तरी परभणीपासून जालना, संभाजीनगरमार्गे मनमाडकडे जाणारा मार्ग अजूनही बहुतांश एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला स्थानकातल्या बाजूच्या रुळावर घेऊन उभी करावी लागते, आणि मागून जलद गाडी येत असेल तर तिलाही तशीच वाट करून द्यावी लागते. कोणती गाडी थांबवायची हे गाडीच्या दर्जावरून ठरते. त्यामुळे पॅसेंजर जवळजवळ प्रत्येक वेळी बाजूला जाते. जालना-मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. जनशताब्दीही २०२४ मध्ये जालन्याऐवजी हिंगोलीहून सुटू लागली. या गाड्या मराठवाड्याला हव्याच होत्या. परंतु रूळ तेवढेच राहिले आणि त्यांवर वेगवान गाड्यांची भर पडली की त्यांची वाट मोकळी ठेवण्याचा भार कमी दर्जाच्या गाड्यांवर पडतो, आणि त्या गाड्यांत बसणारा प्रवासी बहुधा ठरलेल्या वेळी हजेरी लावणारा असतो.

मनमाडजवळच्या अंकाईपासून संभाजीनगरपर्यंतच्या टप्प्याचे दुहेरीकरण आधीच मंजूर झाले होते आणि संभाजीनगर ते परभणी या सुमारे १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. कामे पूर्ण झाल्यावर आपली अडचण बरीच हलकी होईल. मात्र ती चालू असताना लाइन ब्लॉक घेतले जातात, म्हणजे कामासाठी मार्ग काही तास बंद ठेवला जातो, आणि त्या काळात सवारी गाड्या रद्द होतात, उशिराने सोडल्या जातात किंवा मधल्याच स्थानकापर्यंत चालवल्या जातात, हेही लक्षात ठेवावे. अशा दिवशी घरातून निघण्यापूर्वी १३९ या क्रमांकावर चौकशी करणे किंवा रेल्वेच्या एनटीईएस या ॲपवर गाडीची स्थिती पाहणे उपयोगाचे ठरते.

जुनी वेळ जशीच्या तशी परत मागण्याने फारसे हाती लागत नाही, कारण त्या वेळेच्या जागी दुसरी गाडी बसवलेली असते. त्यापेक्षा मागणी नेमकी असावी. गाडी रोज कोणत्या स्थानकात थांबवली जाते, कोणत्या गाडीसाठी थांबवली जाते आणि संभाजीनगरला किती वाजता पोहोचते, याची सलग महिनाभराची नोंद सहप्रवाशांनी मिळून ठेवावी आणि ‘ही गाडी अमुक वेळेच्या आत संभाजीनगरला पोहोचेल अशा रीतीने क्रॉसिंग (दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठीचा थांबा) पुढच्या किंवा मागच्या स्थानकात घ्यावे’ असे लिहावे. अर्ज नांदेडच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे करून त्याची प्रत विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीच्या सदस्यांना द्यावी. वेळापत्रकाचा अंतिम निर्णय दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद मुख्यालयात होतो आणि मनमाडच्या पुढची वाट मध्य रेल्वेकडे असल्याने तिकडे जाणाऱ्या गाड्यांबाबत दोन्हींचा मेळ बसावा लागतो. म्हणून नवे वेळापत्रक लागू होण्याच्या पुष्कळ आधी अर्ज पोहोचला पाहिजे. वेळापत्रक छापून आल्यावर दिलेले निवेदन बहुधा पुढच्या वर्षासाठीच उरते.

प्रश्न : मी परतूरहून रेल्वेने मानवत रोडला उतरते आणि तेथून एसटीने मानवतच्या महाविद्यालयात जाते. गाडीची वेळ पुढे गेल्यापासून बस आधीच निघून गेलेली असते. बसने गाडीची वाट पाहावी अशी मागणी करता येईल का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : मानवत रोडप्रमाणेच वैजापूरकरांचे रोटेगाव हेही गावापासून दूर असलेले स्थानक आहे, आणि अशा ठिकाणी पुढची बस मिळाली नाही तर रेल्वेचा प्रवास अर्धवट राहतो. बसने थांबावे ही मागणी मात्र व्यवहारात टिकत नाही. चालक आणि वाहकांची कामगिरी अनेक फेऱ्यांची साखळी असते. एक फेरी पंधरा-वीस मिनिटे उशिरा सुटली की पुढच्या गावी उभे असलेले विद्यार्थी ताटकळतात आणि दिवसभराच्या फेऱ्या मागे पडत जातात. म्हणून त्या फेरीची वेळच कागदोपत्री बदलून मागावी. रेल्वेच्या वेळेला सिकंदराबादपर्यंत जावे लागते, तर एसटीच्या एका फेरीची वेळ बदलण्याचा प्रस्ताव आगारातच तयार होऊ शकतो. त्यामुळे अशा बाबतीत आधी आगार व्यवस्थापकांना भेटणे हाच जवळचा मार्ग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अर्जासोबत तीन गोष्टी जोडाव्यात : रेल्वेच्या नव्या वेळापत्रकाची प्रत, त्या बसने जाणाऱ्या पासधारक विद्यार्थ्यांची यादी आणि पहिल्या तासिकेची वेळ नमूद करणारे प्राचार्यांचे पत्र. पासधारकांची यादी विशेष महत्त्वाची आहे. विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे आणि बारावीपर्यंतच्या मुलींना पास विनामूल्य मिळतो, त्यामुळे वाहकाकडे तिकिटांतून जमलेली रक्कम पाहून त्या फेरीत किती मुले बसली याचा अंदाज येत नाही. आगाराशी बोलताना हा मुद्दा प्रवाशांनी स्वतःहून पुढे आणावा. तालुक्यात मानव विकास योजनेच्या निळ्या बस चालत असतील, तर त्यांची एखादी फेरी स्थानकावरून नेता येईल का, हेही त्याच भेटीत विचारावे. त्या बस मुळात मुलींच्या शिक्षणासाठीच दिलेल्या आहेत.

प्रश्न : पॅसेंजर उशिरा येते त्या दिवशी रेल्वेच्या मासिक पासवर एक्स्प्रेसने जावे का? — एक पासधारक

उत्तर : सरसकट नाही. पास १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी मिळतो आणि तो फक्त परवानगी असलेल्या एक्स्प्रेस गाड्यांच्या अनारक्षित डब्यांत चालतो. गाडी सुपरफास्ट असेल तर वेगळा अधिभार भरावा लागतो. वंदे भारत आणि जनशताब्दी या पूर्ण आरक्षित गाड्यांत किंवा कोणत्याही गाडीच्या शयनयान डब्यात पास दाखवला, तर प्रवासी विनातिकीट धरला जातो आणि भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड होतो. आपल्या पट्ट्यात कोणत्या गाड्यांना परवानगी आहे, हे तिकीट खिडकीवर एकदा विचारून लिहून घ्यावे.

प्रश्न : आमच्या गावची मुक्कामी बस २०२१-२२ च्या संपानंतर परत आलीच नाही. आगारातून ‘भारमान नाही’ असे उत्तर मिळते. पुढे काय करावे? — जालना जिल्ह्यातील एक ग्रामस्थ

उत्तर : रात्री गावात थांबून पहाटे तालुक्याला निघणारी गाडी बंद झाली की दूधवाला, भाजी विकणारी बाई, दवाखान्याचा रुग्ण आणि शिकणारी मुले अशा सगळ्यांचीच वाट बंद होते. भारमान म्हणजे आसनांच्या प्रमाणात भरलेले प्रवासी. दुपारच्या फेरीला हा निकष लावणे समजू शकते. पण शेवटची बस केवळ त्या निकषावर बंद करणे आम्हांला मुळीच मान्य नाही, कारण संध्याकाळी परत येण्याची खात्री नसेल तर गावातला माणूस सकाळच्या भरलेल्या बसमध्येही बसत नाही, आणि मुलीचे कॉलेज तर घरचे लोक पहिल्याच अडचणीला थांबवतात.

तोंडी उत्तरावर थांबू नका. माहिती अधिकाराखाली एसटीच्या विभागीय कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज करून त्या फेरीचे बंद होण्यापूर्वीच्या वर्षातील महिनावार भारमान व उत्पन्न मागवा. शुल्क १० रुपये आहे, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो. आकडे हाती आल्यावर ग्रामसभेचा ठराव करून तो आगार व्यवस्थापक आणि विभाग नियंत्रक या दोघांनाही द्या.

मुक्कामी गाडीच्या बाबतीत भारमानाइतकीच दुसरी एक अडचण असते आणि ती गावाला स्वतः सोडवता येते. चालक-वाहकांना झोपायला कोरडी खोली, पाणी, दिवा आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह मिळाले नाही, तर दिवसभर गाडी चालवलेला माणूस टपावर किंवा आसनावर रात्र काढतो आणि पहाटे पुन्हा स्टिअरिंग हातात घेतो. ग्रामपंचायतीने शाळेची किंवा समाजमंदिराची एक खोली त्यासाठी ठरवून दिल्याचे ठरावातच लिहावे. रस्ता खराब असल्याचे कारण पूर्वी दिले गेले असेल आणि आता तो दुरुस्त झाला असेल, तर बांधकाम विभागाचे तसे पत्रही जोडावे.

आषाढीच्या काळात पंढरपूरकडे, नवरात्रात तुळजापूरकडे आणि दिवाळीत लांब पल्ल्याच्या मार्गांवर जादा गाड्या वळवल्या जातात. त्या दिवसांत गावची फेरी बंद राहिली तर ती कायमची बंद झाली असे समजू नये. यात्रा संपून आठवडा उलटल्यावरही ती आली नाही, तर मात्र लगेच लेखी विचारणा करावी.

प्रश्न : आमच्या पॅसेंजरचा शून्याने सुरू होणारा क्रमांक ॲपवर सापडत नाही. गाडी बंद झाली का? — पूर्णा येथील एक वाचक

उत्तर : बहुधा क्रमांक बदलला आहे. करोनाकाळात सवारी गाड्या विशेष गाड्या म्हणून चालवल्या गेल्या आणि म्हणून त्यांच्या क्रमांकात आरंभी शून्य आले. १ जानेवारी २०२५ पासून त्यांना पुन्हा नियमित क्रमांक मिळाले. इंजिन जोडलेल्या पॅसेंजरचा क्रमांक ५ ने, विजेवर धावणाऱ्या मेमूचा ६ ने आणि डिझेलवर धावणाऱ्या डेमूचा ७ ने सुरू होतो. क्रमांक आठवत नसेल तर दोन स्थानकांची नावे घालून शोधावे. औरंगाबाद स्थानकाचे नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले आहे, त्यामुळे शोधताना छत्रपती संभाजीनगर हे नाव घालावे.