वाचकांचे प्रश्न : खेळांतल्या सोयरिकी आणि गादीचे राजकारण

प्रश्न (सांगलीहून एक वाचक) : ‘क्रुसेडर किंग्ज ३’ या मध्ययुगीन राजघराण्यांवरच्या संगणकीय खेळात मी माझ्या राजाची थोरली मुलगी शेजारच्या बलाढ्य राजाच्या युवराजाला दिली. त्या सोयरिकीच्या बळावर माझा राजा आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा, दोघेही निर्धास्त राहिले. पुढे ती मुलगी वारली आणि थोड्याच काळात तिचाच मुलगा माझ्या गादीवर हक्क सांगत फौज घेऊन आला. सख्खा भाचा मामावर चालून येतो, हा खेळातला दोष म्हणायचा की माझी चूक?

उत्तर : खेळात दोष नाही. आपण एका लग्नातून दोन वेगळे व्यवहार केले आणि त्यांतला एकच लक्षात ठेवला, एवढेच घडले आहे. या खेळात मैत्रीचा करार दोन राज्यांमध्ये होत नाही. तो दोन माणसांमध्ये होतो आणि ज्यांच्या नात्यामुळे तो जुळला ती माणसे हयात असेपर्यंतच टिकतो. वारशाचा हक्क मात्र माणसाबरोबर मरत नाही. राजा वारला तेव्हा त्याच्या मुलीला बापाच्या गादीवरचा हक्क मिळाला. तिला स्वतःला तो बजावणे अवघड होते, कारण स्त्रीचा हक्क युद्धात पुढे करण्यावर बहुतेक धर्मांत आणि समाजांत या खेळाने बंधने घातली आहेत. पण ती वारताच तो तिच्या मुलाकडे उतरला. म्हणजे ज्या दिवशी आपल्या राजाची बहीण गेली, त्याच दिवशी तिच्यामुळे असलेला करार संपला आणि तिच्यामुळे निर्माण झालेला दावा भाच्याच्या हाती आला. शिवाय भाच्याला मिळालेला दावा कच्चा असतो. त्याने हयातीत त्यासाठी लढाई केली नाही, तर तो त्याच्या मुलांपर्यंत पोचत नाही. त्याची घाई त्यामुळेच होती, मामाविषयीच्या वैरामुळे नव्हे.

खेळ रचणाऱ्यांनी हे कल्पनेतून आणलेले नाही. इंग्लंडचा दुसरा एडवर्ड आणि फ्रान्सच्या चौथ्या फिलिपची कन्या इझाबेला यांचे लग्न 1308 मध्ये झाले, ते गॅस्कनीच्या प्रदेशावरून दोन्ही राज्यांत चाललेला तंटा मिटावा म्हणून. इझाबेलाचे तिन्ही भाऊ पाठोपाठ गादीवर आले आणि एकालाही वारस मुलगा मागे ठेवता आला नाही. 1328 मध्ये शेवटचा भाऊ वारल्यावर तिचा मुलगा, म्हणजे तिसरा एडवर्ड, आईच्या नात्याने फ्रान्सच्या गादीचा दावेदार ठरला. फ्रान्सच्या सरदारांनी स्त्रीकडून आलेला हक्क मानला नाही. 1337 पासून 1453 पर्यंत रेंगाळलेल्या शंभर वर्षांच्या युद्धामागे इतर कारणे होतीच, पण दाव्याचा कागद शांततेसाठी लावलेल्या त्या लग्नानेच पुरवला. आपल्याकडेही नुसत्या सोयरिकीवर भरवसा ठेवता आलेला नाही. शिवाजी महाराजांची कन्या राजकुंवरबाई गणोजी शिर्क्यांना आणि शिर्क्यांच्या येसूबाई संभाजी महाराजांना, असे साटेलोटे झालेले असूनही पुढे वतनाच्या प्रश्नावरून शिर्के दुरावलेच.

आता उपाय. शेजाऱ्याशी मैत्री हवी असेल, तर शक्यतो मुलगी देण्यापेक्षा सून आणावी. करार दोन्ही प्रकारे होतो, पण सून आपल्या माहेरचा हक्क आपल्या नातवांना देते, तर मुलगी आपला हक्क परक्या घराण्यात नेते. मुलगीच वारस होण्याचा संभव असेल, तर लग्न ठरवतानाच मुले आईच्या घराण्याची मानली जातील अशी अट घालण्याची सोय या खेळात आहे. थोरल्या युवराजाचा बाप ती अट सहसा मान्य करत नाही; धाकट्या, जमीन न मिळणाऱ्या मुलाचा बाप करू शकतो. ही अट विसरून मुलीला गादीवर बसवले, तर तिच्यानंतर राज्य तिच्या सासरच्या घराण्याचे होते आणि आपल्या घराण्याचा दुसरा वारस नसेल, तर खेळ तिथेच संपतो. उलट मुलगे फार झाले तरी सुटका नाही, कारण सुरुवातीच्या काळातल्या वाटणीच्या कायद्याने राज्याचे तुकडे पडतात. म्हणून स्थळ बघताना सासऱ्याची फौज मोजण्याआधी होणारी नातवंडे कोणाच्या घराण्याची आणि कोणत्या गादीची दावेदार असतील हे मोजावे. मी खेळताना मुलीचे लग्न दूरच्या, समुद्रापलीकडच्या राजाकडे लावणे पसंत करतो. त्याची मदत वेळेवर पोचत नाही हे खरे, पण त्याच्या मुलांची स्वारीही तितक्याच उशिरा पोचते.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक) : मला इतिहासापेक्षा कल्पित जगांची आवड आहे. लग्ने आणि घराणी यांना खरेच महत्त्व असलेला अद्भुतरम्य डावपेचांचा खेळ कोणता?

उत्तर : माझे मत विचाराल, तर अजूनही 1996 चा. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतला ‘सेइसेन नो केइफु’ हा खेळ ‘इंटेलिजंट सिस्टिम्स’ने ‘सुपर फॅमिकॉम’ या यंत्रासाठी काढला. तो जपानी भाषेतच निघाला आणि बाहेरच्या वाचकांपर्यंत चाहत्यांनी केलेल्या भाषांतरांतून पोचला. जुग्द्राल नावाच्या खंडावर बारा वीरांचे वंशज राज्य करतात आणि प्रत्येक वीराचे दैवी शस्त्र त्याच्या रक्ताचा पुरेसा अंश असलेल्या वंशजालाच चालवता येते. खेळाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात सिगुर्द आणि त्याचे सोबती लढतात, दुसऱ्या भागात त्यांची मुले. पहिल्या पिढीत कोणाचे कोणाशी जुळले, यावर पुढच्या पिढीची कौशल्ये, शस्त्रे आणि रक्त ठरते. एखादीचे लग्नच झाले नाही, तर तिच्या मुलांच्या जागी दुसरीच, वारसा नसलेली मुले येतात.

एक उदाहरण जवळून पाहू. सिलेसचा राजपुत्र लेविन याच्याकडे फोर्सेटी हा वाऱ्याच्या मंत्राचा दैवी ग्रंथ आहे. त्याचे लग्न त्याच्याच राज्यातल्या फ्युरीशी झाले, तर ग्रंथ त्यांचा मुलगा सेती याच्याकडे जातो आणि सिलेसची गोष्ट सिलेसमध्ये राहते. लग्न टिल्ट्यूशी झाले, तर ग्रंथ त्यांचा मुलगा आर्थर याला मिळतो. पण टिल्ट्यू ही फ्रीज घराण्याची, आणि तिचा बाप रेप्टर हा सिगुर्दच्या उघड वैऱ्यांपैकी एक. दुसऱ्या भागात आर्थरची बहीण टिनी ही मामा ब्लूमच्या घरी वाढलेली आणि त्याच्याच सैन्यात उभी असलेली दिसते. तिला मारायचे नसेल, तर आर्थरला लढाईच्या धुमश्चक्रीत तिच्यापर्यंत पोचून बोलता येते. आईचे माहेर म्हणजे शत्रूची छावणी, ही गोष्ट खेळ संवादांतून तर सांगतोच, पण पटावरच्या घरांच्या अंतरातूनही सांगतो, आणि त्याचे मोठेपण मला इथे दिसते.

मुख्य कथानक तर लग्नाच्याच कटावर उभे आहे. (खेळ इतका जुना आहे की, पुढचे उघड केल्याबद्दल मी क्षमा मागत नाही.) सिगुर्दची बायको डियर्ड्रे हिला एका काळ्या पंथाचे लोक पळवून नेतात आणि तिची स्मृती पुसून तिचे लग्न आर्विस या सरदाराशी लावून देतात. ती ग्रॅनव्हेलच्या राजवंशाची शेवटची वारस असल्यामुळे आर्विसला त्या लग्नातून गादी मिळते. ती आपली सावत्र बहीण, एकाच आईची लेक आहे, हे त्याला ठाऊक नसते. पंथाला हवे असते ते त्या दोघांच्या रक्तांच्या मिश्रणातून जन्मणारे मूल, आणि युलियसच्या रूपाने ते त्यांना मिळते. पण त्याच जोडप्याची मुलगी युलिया हिच्याकडे आईचे, ‘नागा’ या दैवी ड्रॅगनचे रक्त उतरते आणि युलियसला तोंड देऊ शकणारी तीच एकटी असते. कट करणाऱ्यांनी एका नातवंडाचा हिशेब केला, दुसऱ्याचा राहून गेला.

‘डबल फाइन’चा 2015 मधला ‘मॅसिव्ह चॅलिस’ हाही पाहण्यासारखा आहे. त्यात आपण अमर राजा असतो, युद्ध तीनशे वर्षे चालते आणि योद्धे म्हातारे होऊन मरतात, म्हणून उत्तम योद्ध्याला ऐन उमेदीत रणांगणावरून काढून गढीवर बसवावे आणि त्याचे लग्न लावून द्यावे लागते. हा पेच सुरेख आहे. पण सगळी घराणी आपलीच असल्यामुळे समोर व्याही नावाचा कोणी उरत नाही, आणि ज्याला नकार देता येईल किंवा जो रुसेल असा व्याहीच नसेल, तर त्याला मुत्सद्देगिरी म्हणता येत नाही. काही तासांनी तो वंशावळीचा कारखाना वाटू लागतो.

प्रश्न (ठाण्याहून एक आई) : माझा चौदा वर्षांचा मुलगा खेळातल्या राजपुत्रासाठी ‘हुशार’ आणि ‘देखणी’ अशी सून शोधत असतो आणि गुण घराबाहेर जाऊ नयेत म्हणून चुलत भावंडांची लग्ने लावण्याच्या गोष्टी करतो. काळजी करावी का?

उत्तर : खेळच त्याला याचे फळ दाखवील, कारण जवळच्या नात्यातली लग्ने पिढ्यान्पिढ्या लावत गेल्यास व्यंगे आणि रोग घेऊन मुले जन्माला येतात. तरीही त्याला स्पेनच्या दुसऱ्या कार्लोसची वंशावळ काढायला सांगावी. त्याचे आईवडील मामा-भाची होते, आणि वरच्या पिढ्यांतही तीच तऱ्हा असल्यामुळे पूर्वजांची नावे पुन्हापुन्हा येऊ लागतात. आजारी, निपुत्रिक कार्लोस 1700 मध्ये वारला आणि त्याच्या गादीसाठी युरोपात 1714 पर्यंत युद्ध चालले. मुलीचे ‘गुण’ यादीतून निवडण्याची सवय मात्र मलाही खटकते. त्याबद्दल त्याच्याशी बोलावेच. पण मग घरातली मोठी माणसे स्थळे कशी बघतात, हेही तो विचारील, त्याची तयारी ठेवावी.

प्रश्न (नागपूरहून एक वाचक) : ‘टोटल वॉर : वॉरहॅमर’मध्ये सोयरिकीचा पर्याय मला सापडत नाही. तो कुठे असतो?

उत्तर : तो तिथे नाही. त्यातले सेनापती नेमले जातात, जन्माला येत नाहीत. आणि समजातीय राज्ये लग्नाने नव्हे, तर एकमेकांत विलीन होऊन वाढतात. त्याच मालिकेत लग्ने हवी असतील, तर हान साम्राज्याच्या अखेरच्या काळातल्या चीनवरचा, 2019 मधला ‘थ्री किंग्डम्स’ घ्यावा. तिथे वाटाघाटीच्या पटावर धान्य आणि प्रदेश यांच्या बरोबरीने लग्नाचाही प्रस्ताव मांडता येतो.