रेड ५ असलेल्या नॅसला वेगळा बॅकअप लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २५ जणांचं ऑफिस, ८ टीबीच्या ४ डिस्कचं नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांनी फाइली ठेवायचं यंत्र), रेड ५ लावलेलं (एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी डिस्कची मांडणी). आयटीला वेगळा माणूस नाही, म्हणून हिशेबाच्या कामासोबत नॅसही तुमच्याच गळ्यात पडलंय. रेड असताना बॅकअपवर खर्च कशाला, असं साहेब विचारतात, आणि रोज नेमकं काय बघायचं ते तुम्हाला हवंय.

बॅकअप लागतोच. बाकी सगळं नंतर केलंत तरी चालेल, हे आधी करा.

रेड ५ मुळे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. त्याचा उपयोग तेवढाच. कुणी फोल्डर उडवला, तर तो सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. साहेबांना हे एक वाक्य सांगून बघा, बहुतेक वेळा पुरतं.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. एका ऑफिसात मी दोन नॅस लावले होते, रोज रात्री पहिल्यावरून दुसऱ्यावर सिंक, म्हणजे पहिल्यावर जे आहे तेच दुसऱ्यावर. सगळे निर्धास्त, मीही. एका सोमवारी कुणीतरी जागा मोकळी करताना चालू कामाचा फोल्डर जुना समजून डिलीट केला. नेटवर्कवरच्या शेअरमधून काढलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही आणि नॅसचं स्वतःचं रिसायकल बिन मी चालू केलेलं नव्हतं. बुधवारी फोल्डर शोधायला घेतला तोवर सिंकने तो दुसऱ्या नॅसवरूनही पुसला होता. लोकांनी जुन्या ईमेलच्या अटॅचमेंटमधून एकेक फाइल गोळा केली, आणि बऱ्याच मिळाल्याच नाहीत. तेव्हापासून मी सिंकला बॅकअप म्हणत नाही. जुनी आवृत्ती परत देतो तो बॅकअप.

तुमच्या नॅसमध्ये स्नॅपशॉटची (फाइली त्या क्षणी जशा होत्या तशी नोंद ठेवण्याची) सोय असेल तर आजच चालू करा. कामाच्या वेळेत दर तासाला एक आणि रोजचा एक महिनाभर, असं ठेवलं तर बहुतेक ऑफिसांना पुरतं. जागाही फारशी खात नाही, कारण बदललेला भागच वेगळा साठतो. नॅसवर तशी परवानगी दिली की फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून लोक आपली सकाळची फाइल स्वतःच काढून घेतात, तुम्हाला हाकही मारत नाहीत. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. यंत्र जळालं, चोरीला गेलं किंवा अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला, की स्नॅपशॉटही गेले.

म्हणून एक प्रत दुसऱ्या यंत्रावर आणि एक इमारतीबाहेर. ते दुसरं यंत्र नॅसमधून डेटा ओढून घेणारं असावं, नॅसने तिकडे ढकलायला नको. नॅसमध्ये घुसलेल्या माणसाला बॅकअपचा पासवर्ड तिथेच सापडता कामा नये.

घुसण्याची भीती उगाच दाखवत नाहीये. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने (फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम) इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस शोधून शोधून लॉक केले होते. घरून काम करणाऱ्यांसाठी राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून दिलेला असेल तर तो बंद करा, राउटरचं यूपीएनपी (असे पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा आणि बाहेरून यायचं ते व्हीपीएनमधूनच, म्हणजे ऑफिसच्या सुरक्षित खाजगी जोडणीतून. एसएमबी १ (विंडोजच्या फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू असेल तर तेही बंद. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर त्याच वाटेने पसरलं होतं.

डिस्क जाईल तेव्हा घाई करू नका. नवी डिस्क घातली की उरलेल्या डिस्कवरून तिच्यावर डेटा पुन्हा भरावा लागतो, आणि ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने भरायची म्हटलं तरी कागदावरच जवळपास १५ तास होतात. त्यात ऑफिसचं काम चालू असेल तर आणखी वेळ लागतो. तेवढा वेळ रेड ५ ला कसलाही आधार नसतो, म्हणजे आणखी एक डिस्क गेली की सगळा डेटा गेला, आणि उरलेल्या डिस्क बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या, तेवढ्याच झिजलेल्या. म्हणून आधी ताजा बॅकअप, मग नवी डिस्क. डिस्क ओढण्यापूर्वी स्क्रीनवरचा सीरियल नंबर ट्रेवरच्या नंबराशी ताडून बघा. घाबरलेल्या माणसाने शेजारची चांगली डिस्क ओढली की अ‍ॅरेच (सगळ्या डिस्क मिळून बनलेला संच) कोसळतो. चारही ट्रेवर नंबराच्या पट्ट्या आजच चिकटवून ठेवा. पुढे नवीन नॅस घ्याल तेव्हा रेड ६ घ्या, त्यात दोन डिस्क गेल्या तरी चालतं. एका डिस्कची जागा जास्त जाते, जाऊ द्या.

परमिशन माणसाच्या नावाने देऊ नका, कामानुसार ग्रुप करा. कुणी नोकरी सोडली की खातं त्याच दिवशी बंद. रोजच्या कामाला अ‍ॅडमिनचं खातं तुम्हीही वापरू नका.

रोज बघण्यासारखं फार काही नाही. ईमेल अलर्ट लावा आणि महिन्यातून एकदा टेस्ट मेल पाठवून बघा. मेलचा पासवर्ड बदलला की अलर्ट गुपचूप बंद पडतात आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. आठवड्यातून एकदा स्मार्ट रिपोर्टमधले (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) रीअ‍ॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टरचे, म्हणजे डिस्कच्या छोट्या तुकड्यांचे, आकडे लिहून ठेवा. ते वाढत असतील तर डिस्क जाण्याची वाट न पाहता बदला. यूपीएस असेल तर त्याची यूएसबी केबल नॅसला जोडलेली आहे ना तेही बघा, नाहीतर बॅटरी संपताना नॅस नीट बंद होत नाही.

आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधून एक फाइल परत आणा. नुसती दिसली म्हणून सोडू नका, उघडून वाचा आणि किती वेळ लागला ते लिहा. बॅकअप एन्क्रिप्ट केलेला (कुलूपबंद) असेल तर त्याची की, म्हणजे तो उघडायचा गुप्त कोड, नॅसवर ठेवू नका. कागदावर उतरवून पाकिटात घाला आणि साहेबांच्या कपाटात ठेवा.