सासूबाईंना इंजेक्शन का दिलं नाही?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. गेल्या महिन्यात सासूबाईंना, वय ६८, लकवा मारला. रात्री दहाला धडधाकट झोपल्या होत्या, सकाळी सातला बघतोय तर न्हाणीजवळ पडलेल्या, उजवा हात लुळा, बोलणं बंद. आधी तेल चोळलं, साखरपाणी पाजायला बघितलं, मग गाडी करून बेळगावला पोचेपर्यंत नऊ वाजले. तिथं विचारलं शेवटचं चांगलं कधी बघितलंत, आम्ही म्हटलं रात्री दहाला. मग म्हणाले, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन आता देता येत नाही. पण दोन महिन्यांमागं शेजारच्या मामांना तेच इंजेक्शन दिलं आणि ते आता चालतात. बायकांना हे औषध चालत नाही काय? त्यादिवशी दारात रांगोळीसुद्धा अर्धीच राहिली होती, ते बघून अजून रडू येतं. शेजारच्या काकू नंतर भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सहाला बोललीय की मी त्यांच्याशी, रांगोळी काढूलालत्या."

उत्तर : ताई, औषध बायकांना चालतं, अगदी पुरुषांइतकंच चालतं. २००५ साली जुन्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा तर इंजेक्शन नाही मिळालं तर बायकांची अवस्था पुरुषांपेक्षा जास्त वाईट राहते आणि मिळालं की दोघं जवळपास बरोबरीला येतात असं दिसलं होतं. मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका आहेच, १९९५ च्या मूळ चाचणीत शंभरात सहा जणांना झाला होता, पण बाई आहे म्हणून तो वाढतो असं काही नाही. पाळी चालू असली तरी देतात, फक्त लक्ष ठेवावं लागतं.

पण तुमच्या पत्रातली रांगोळी वाचून मी थांबलेच.

हे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते तास पेशंट सापडल्यापासून मोजत नाहीत, शेवटचं चांगलं कधी बघितलं तिथपासून मोजतात. तुम्ही दहा सांगितलं, म्हणजे नऊ वाजता अकरा तास झालेले, डॉक्टरांचा हिशोब बरोबरच होता. पण सहाला काकूंशी नीट बोलून रांगोळी काढत होत्या म्हणजे घड्याळ सहाला सुरू होतं, आणि नऊला तीनच तास झालेले! अजून दीड तास हातात होता, त्यात सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं, बीपी १८५/११० च्या खाली आणावं लागतं, तरी जमलं असतं कदाचित. तुमची चूक म्हणत नाही मी, त्या घाईत शेजारणीला विचारायचं कुणाच्या डोक्यात येतं?

मामांचं बघा, पुरुषमाणूस बहुतेक चारचौघांत असतो, तोंड वाकडं झालं की दहा जण बघतात. घरातली बाई सगळ्यांच्या आधी उठते, एकटीच चुलीपाशी नाहीतर न्हाणीत असते, आणि बघणारं कुणी नसतं. त्यात चक्कर, अशक्तपणा, गोंधळल्यासारखं होणं असलं काही झालं की घरचे आणि कधीकधी आम्ही डॉक्टरसुद्धा "बीपी असेल, टेन्शन असेल" म्हणून सोडून देतो. परदेशातल्या अभ्यासांचा २००९ मध्ये एकत्रित हिशोब झाला तेव्हा बायकांना हे इंजेक्शन मिळायची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाली होती, नंतर हा फरक कमी झाला. आणखी एक, वय झालेल्या बायकांत हृदयाचे ठोके अनियमित असणं बऱ्यापैकी असतं, त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, १.७ च्या वर असेल तर इंजेक्शन देत नाहीत. म्हणून गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यायची. वजनही माहीत पाहिजे, अल्टेप्लेज नावाच्या इंजेक्शनचा किलोला ०.९ मिलिग्रॅम असा डोस, ५५ किलोच्या बाईला साधारण ५० मिलिग्रॅम, त्यातला दहावा भाग लगेच आणि बाकीचा तासाभरात.

वेळ खरंच कळत नसेल तरी एमआरआय करून काही पेशंटना इंजेक्शन देता येतं, आणि मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर तारेनं गाठ काढायची सोय निवडक लोकांना २४ तासांपर्यंत आहे, पण ते सगळ्या दवाखान्यांत होत नाही, गाडीत बसतानाच फोन करून विचारा. आणि पडलेल्या माणसाच्या तोंडात साखरपाणी, गोळी, काहीच घालू नका, गिळता येत नसेल तर फुप्फुसात जातं.

आता सासूबाईंचं. ईसीजी झाला असेलच, पण ठोके जास्त वेळ तपासायची होल्टर टेस्ट केली का विचारा. मिश्री लावत असतील तर बंद करा, त्यात तंबाखूच असतो. बोलण्याचे आणि हाताचे व्यायाम रोज, अजून बरेच महिने सुधारणा होत राहते. आणि कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगेल, आपल्याकडं सांगतातच, त्यांना चहा पाजून पाठवून द्या.