आरशासमोर : दाढीची रेष जबड्यावर नको, गळ्यावर हवी

(परभणीत 28 वर्षं सलून चालवणारे आमचे कारागीर या पानावर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, माझं वय 26. चेहरा गोल, गाल भरलेले. दीड महिन्यावर लग्न आलंय. चेहरा लांबट दिसावा म्हणून दाढी ठेवली, पण सलूनमधून आलो की आणखीच गोल दिसतो. कारागीर जबड्याच्या हाडावरून ब्लेडनं कोर काढून देतो. गालावर दाढी विरळ आहे, हनुवटीवर दाट. आई म्हणते, काढूनच टाक. काय करू?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : लेकरा, काढू नकोस. तुझी दाढी बरोबर आहे, रेष चुकीच्या जागी आहे.

जबड्याच्या हाडावर कोर काढली की हनुवटीखालचा सगळा भाग उघडा पडतो. भरलेल्या चेहऱ्यात तिथं थोडं मांस असतंच. वर काळी दाढी, खाली उजळ कातडी, मग बघणाऱ्याची नजर नेमकी त्या मांसावर जाते. तीच जागा दाढीच्या सावलीत राहिली तर जबडा नीट उठून दिसतो.

हे माझ्याही हातून झालंय. दुकान टाकून दुसरंच वर्ष होतं. एका नवरदेवाला मी हाडावरून धारदार कोर काढून दिली, दुकानात सगळ्यांनी वाहवा केली. महिन्याभरानं तो लग्नाचा अल्बम घेऊन आला. भांडला नाही, फक्त पान उघडून समोर धरलं. प्रत्येक फोटोत आधी त्याचा गळा दिसत होता. तेव्हापासून मी हाडावर कोर काढत नाही, आणि कुणाचीही मान मागे टाकून रेषही ठरवत नाही. मान मागे गेली की गळ्याची कातडी ताणते आणि रेष जागेवरून हलते. गिऱ्हाईक सरळ समोर बघत असताना खूण करायची, मग ब्लेड लावायला मान वर केली तर चालते.

खूण अशी काढ. कंठमण्यावर दोन बोटं आडवी ठेव. वरच्या बोटाची वरची कड हा रेषेचा सगळ्यात खालचा बिंदू. तिथून दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीमागच्या कोपऱ्यापर्यंत हलकी गोलाई, वाटीच्या काठासारखी. तिच्या खालचं साफ. रेषेवरच्या दोन बोटं रुंद पट्ट्यातले केस ट्रिमरच्या लहान गार्डनं उतरते कर, म्हणजे दाढी गळ्यात विरघळल्यासारखी वाटते.

आता विरळ गाल. तुला ती अडचण वाटते, पण गोल चेहऱ्याला नेमकं तेच लागतं. गालावर आणि कल्ल्यांवर 3 मिलिमीटर ठेव, हनुवटीवर 10 ते 12. बाजू चापून बसतात, खाली लांबी मिळते. विरळ जागाही आखूड केसांत कमी कळते. हनुवटीचा आकार गोल करू नकोस, किंचित निमुळता ठेव. गालावरची वरची रेष खाली आणू नकोस, सुटे केस तेवढे काढ. मिशी दोन्ही बाजूंनी खाली उतरवून दाढीला मिळू दे. आडवा पीळ दिलास तर चेहरा पुन्हा रुंद होईल.

दाढीचा केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे आजपासून हनुवटीला हात लावला नाहीस तरी लग्नापर्यंत पुरेशी लांबी येते. पहिला महिना फक्त गळा साफ कर. कात्री लावायची ती कोरड्या केसांना. ओला केस लांब दिसतो, तेव्हा कापला की वाळल्यावर आखूड भरतो.

आईचं म्हणणं लग्नाच्या तोंडावर तर अजिबात ऐकू नकोस. आपल्याकडच्या उन्हात गाल, कपाळ रापतं आणि दाढीखालची कातडी उजळ राहते. ऐनवेळी काढलीस तर चेहरा दोन रंगांचा दिसेल, आणि फोटो कायमचे राहतात. शेवटची कोर हळदीच्या दोन दिवस आधी काढून घे. ताज्या ब्लेडवर हळद झोंबते. फेटा बांधायचा असेल तर कारागिराला तसं सांग. फेट्याखाली डोक्याचे केस झाकले जातात, पण कल्ले उघडे राहतात, दोन्ही एका उंचीचे नसले तर लगेच डोळ्यात भरतं.

तुमच्याकडं बोअरचं पाणी असेल तर एक सांगतो. जड पाण्यात साबणाचा थर केसांवर बसतो, दाढी राठ होते. शेवटचा एक तांब्या जारच्या पाण्याचा घे आणि बोटाच्या टोकाएवढं खोबरेल मुळाशी चोळ.

प्रश्न : दादा, माझ्या मुलाच्या दाढीत रुपयाएवढी गोल जागा पडली आहे. तिथं एकही केस नाही. शेजारचे कांदा चोळायला सांगतात. वस्तऱ्यानं झालं असेल का?
– एक आई, सेलू

उत्तर : ताई, जागा गुळगुळीत असेल, खाज नसेल, तर तिला चाई म्हणतात. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, त्यात वस्तऱ्याचा दोष नाही. बऱ्याचदा केस परत येतात. पण कडा लाल असतील, कोंडा सुटत असेल, खाज असेल तर गजकर्ण असू शकतं आणि ते टॉवेलनं, वस्तऱ्यानं पसरतं. दोन्हींत त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवा. कांदा लावून कातडी भाजून घेऊ नका, मेडिकलमधून मनानं मलमही आणू नका. त्याचा टॉवेल वेगळा ठेवा. सलूनमध्ये नवं ब्लेड डोळ्यांसमोर फोडायला सांगा. माझ्या दुकानात न सांगता फोडतो, पण कुठंही मागायचा तुम्हाला हक्क आहे, त्यात कारागिराचा अपमान नाही.

प्रश्न : माझा चेहरा लांब आणि गाल बसलेले. वय 21. कोणती दाढी ठेवू?
– एक विद्यार्थी, जालना

उत्तर : गंगाखेडच्या मुलाला दिलेल्या पहिल्या उत्तराच्या अगदी उलट. हनुवटीवर आखूड, बाजूंना भर. गालावर दाढी अजून भरली नसेल तर घाई नको. कित्येकांची दाढी पंचविशीनंतर दाटते. तोवर सगळीकडे सारखी 3 मिलिमीटर ठेव आणि गळ्याची रेष गंगाखेडच्या मुलाला सांगितली तशीच काढ.