स्ट्रेंग्थ भरपूर, क्वालिटी शून्य: बॉक्स फेकण्याआधी एवढं तपासा

चोपड्याच्या भाऊंनी विचारलेलं थोडक्यात असं. डीडी फ्री डिशचा सहा वर्षं जुना बॉक्स आहे, छत्री (डिश) धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर. मे महिन्यातल्या वादळानंतर अर्धे चॅनेल गेले. उरलेल्यांचं चित्र दुपारी फुटतं, कधी सगळंच जातं. संध्याकाळी लाईट आली की बॉक्स आपोआप दोन-तीनदा बंद-चालू होतो. दुकानदार म्हणतो, बॉक्स गेला, नवा घ्या.

भाऊ, घाई करू नका. या एका दुखण्याच्या तीन खुणा वाटतात, पण मला त्यात तीन वेगळी दुखणी दिसतात: वादळाने हललेली छत्री, उन्हाने थकलेला एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा डबा) आणि दमलेला अडॅप्टर. बॉक्स बिघडलेला असण्याची शक्यता चौथ्या नंबरवर. नवा बॉक्स आणून याच छत्रीला, याच वायरीला जोडलात तर पहिल्या दोन तक्रारी तशाच राहतील.

सुरुवात मेनूतल्या इन्स्टॉलेशन किंवा अँटेना सेटअपच्या पानावरून करा. काही बॉक्स पासवर्ड मागतात, बहुतेकांचा ०००० असतो. तिथे सॅटेलाइट जीसॅट-१५, ९३.५ पूर्व. एलएनबी युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०/१०६००. एलएनबी पॉवर ऑन. २२ के ऑटो किंवा ऑफ. छत्री आणि बॉक्सच्या मध्ये स्विच लावलेला नसेल तर डायसेक (त्या स्विचचं सेटिंग) बंद. ट्रान्सपॉंडर (उपग्रहावरून चॅनेलचा एकेक गट पाठवणारा भाग) म्हणून फ्रिक्वेन्सी ११०९०, व्ही (उभा सिग्नल; आडव्याला एच), सिम्बॉल रेट २९५०० टाका. खाली दोन पट्ट्या दिसतील.

त्या पट्ट्या नीट वाचता आल्या की निम्मं काम झालं. स्ट्रेंग्थची पट्टी फक्त एवढंच सांगते की एलएनबीला करंट मिळतोय आणि त्याचा आवाज वायरीतून बॉक्सपर्यंत पोहोचतोय. छत्री शेजारच्या भिंतीकडे फिरवली तरी ही पट्टी भरलेलीच दिसते, म्हणून ती बघून खूश होऊ नये. उपग्रह सापडला की नाही ते क्वालिटीच सांगते. दोन्ही शून्य असतील तर दोष वायर, कनेक्टर किंवा एलएनबीत. स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी शून्य, तर छत्रीची दिशा चुकली किंवा वर सांगितलेल्यांपैकी एखादं सेटिंग चुकलं. दोन्ही आहेत पण क्वालिटी कमी आणि नाचरी, तर छत्री किंचित सरकलेली, एलएनबी कमजोर किंवा कनेक्टरमध्ये पाणी. दोन्ही चांगल्या आणि तरी चॅनेल नाही, तर छत्रीला हातसुद्धा लावू नका, गोष्ट स्कॅनची, म्हणजे बॉक्सने चॅनेल नव्याने शोधण्याची आहे. टक्क्यांची तुलना दुसऱ्याच्या बॉक्सशी करू नका, प्रत्येक कंपनीचं माप निराळं. आपल्याच बॉक्सवर आधी किती होतं आणि आता किती आहे, तेवढं धरा.

आता वादळाचं. खानदेशात मे-जूनच्या वावटळीत केळीच्या बागा आडव्या होतात, तिथे चार बोल्टांवरची छत्री दोन अंश फिरली तर नवल नाही. ६० सेंटीमीटरच्या छत्रीला साधारण तीन अंशांचीच नजर असते. कडेला ५ मिलिमीटर सरकली म्हणजे जवळजवळ एक अंश गेला. त्यामुळे डोळ्यांना छत्री ‘जागेवरच’ दिसते आणि क्वालिटी मात्र अर्ध्यावर आलेली असते. अशा वेळी दमदार ट्रान्सपॉंडर चालू राहतात आणि ज्यांना जास्त सिग्नल लागतो ते आधी पडतात. तुमचे अर्धे चॅनेल बहुधा असेच गेलेत.

दिशेचे आकडे लिहून ठेवा. जळगाव-चोपडा पट्ट्यातून जीसॅट-१५ उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १३८ अंशांवर, म्हणजे जवळपास आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५८ अंश वर आहे. धुळ्याहून १३६-१३७ आणि साडेसत्तावन्न, नंदुरबारहून १३६ आणि ५७. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक नगण्य आहे, तो सोडून द्या. मात्र मोबाइलचं होकायंत्र छत्रीला चिकटवून बघू नका. लोखंडी पाइप, पत्रे, स्लॅबमधली सळई यांनी ते सहज दहा-वीस अंश चुकतं. दोन मीटर मागे उभं राहून, छत्रीच्या पाठीमागून नजर लावून बघा.

उंचीत बहुतेकांचा घोळ होतो. आपल्या छत्र्या ऑफसेट असतात, म्हणजे छत्रीचं तोंड जिकडे दिसतं त्यापेक्षा ती बरीच वर बघत असते. तोंड ५८ अंश आभाळाकडे केलंत तर उपग्रह कधीच सापडणार नाही. मागच्या ब्रॅकेटवर अंशांची पट्टी कोरलेली असते, तीवर ५८ लावा. ती पट्टी खरी ठरायला खालचा पाइप ओळंब्यात हवा. आधी ओळंबा किंवा लेव्हल धरून पाइप सरळ करा, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया.

मग बाजूचे बोल्ट छत्री हाताने जोर लावून फिरेल इतपतच सैल करा. एकाने टीव्हीसमोर बसायचं, दुसऱ्याने वर. २-३ मिलिमीटर सरकवायचं, ३-४ सेकंद थांबायचं. बॉक्सची पट्टी आळशी असते. भरभर फिरवलं तर उपग्रह येऊन निघूनही जातो आणि पट्टी हलत नाही. क्वालिटी दिसली की डावीकडे पडेपर्यंत न्या, उजवीकडे पडेपर्यंत न्या, दोन्ही खुणांच्या मधोमध ठेवा. तसंच वर-खाली. शेवटी एलएनबीचा क्लॅम्प सैल करून एलएनबी थोडा-थोडा दोन्ही बाजूंनी फिरवून बघा. ही पायरी लोक हमखास सोडतात, आणि पावसात टिकणारी सिग्नलची शिल्लक इथेच मिळते. बोल्ट आवळताना पट्टीकडे लक्ष असू द्या, कारण आवळतानाच छत्री परत सरकते. चारही बोल्ट आलटून पालटून, थोडे-थोडे आवळा.

छत्री जुन्या पैसेवाल्या डीटीएचची असेल तर फिरवायचा अंदाज असा: डिश टीव्हीची छत्री ९५ पूर्वेला असते, म्हणजे अगदी शेजारी. पाठीमागे उभं राहून ती उजवीकडे अडीच अंश आणि वर एक अंश न्यायची. टाटाची ८३ पूर्वेला, जळगावहून सुमारे १६० अंशांवर, म्हणजे डावीकडे चांगली २२ अंश फिरवावी लागते. अशा छत्रीवरचा एलएनबी मात्र तसाच चालेल असं धरू नका. त्याच्या लेबलवर ९७५०/१०६०० लिहिलेलं हवं.

आडवं काही येतंय का, याचा हिशोब सोपा आहे. छत्रीपासून १० फुटांवरची वस्तू छत्रीपेक्षा १६ फूट उंच असेल तरच आड येते. सातपुडा आपल्या उत्तरेला, त्यामुळे रावेर-यावल-चोपड्याला डोंगराचा प्रश्नच नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे दरीत घर असेल तर बघावं लागतं. बाकी ठिकाणी चोर एकच, आग्नेयेचं वाढलेलं निंबाचं झाड. सहा वर्षांत फांदी कुठल्या कुठे जाते. १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि २ ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाच मिनिटं कमी असताना सूर्य बरोबर उपग्रहाच्या रेषेत येतो. त्या वेळी छत्रीवर फांदीची सावली पडत असेल तर तीच फांदी छाटायची. त्याच दिवसांत त्या सुमारास काही मिनिटं चित्र जातं, सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो म्हणून. तीन-चार दिवसांत आपोआप थांबतं. तेव्हा कोणी पाना घेऊन वर चढू नये.

दुपारी चित्र फुटण्याचं वेगळं. ४४-४५ अंशांच्या उन्हात धाब्यावरचा एलएनबी हात लावू देत नाही इतका तापतो. स्वस्त किंवा जुन्या एलएनबीची आतली फ्रिक्वेन्सी उष्णतेने सरकते, बॉक्सला मग लॉक धरता येत नाही. रात्री सगळं ठीक आणि दुपारी १ ते ४ बोंब, ही त्याची ओळख. परीक्षा अशी: ऐन दुपारी ओलं फडकं एलएनबीच्या मागच्या भागावर गुंडाळा. तोंडाची टोपी झाकू नका, ओलं फडकं सिग्नल अडवतं. पाच-दहा मिनिटांत क्वालिटी वर आली तर एलएनबी बदला. टोपीही बघून घ्या. ऊन खाऊन तिला केसासारखी चीर जाते, तिथून पावसाळ्यात पाणी शिरतं. गांधीलमाश्यांचं घर तिथे असेल तर ते सकाळी गारव्यात आणि आपलं तोंड झाकून काढा.

फडक्याने फरक पडला नाही तर बॉक्सच तापत असेल. टीव्हीच्या कपाटात, वर क्रोशाचा रुमाल टाकलेला बॉक्स उन्हाळ्यात तापून अडकतोच. रुमाल काढा, चारी बाजूंनी हवा लागू द्या.

वायर उतरवण्याआधी बॉक्सचा प्लग काढा. चालू बॉक्सवर कनेक्टर फिरवताना वायरीतली मधली तार तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीला टेकली तर एलएनबीची सप्लाय शॉर्ट होते. खरा बिघाड कित्येकदा वायरीच्या टोकाच्या या एफ कनेक्टरमध्येच असतो. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर २-३ मिलिमीटरच हवी, काळी-हिरवी पडलेली नको, आणि जाळीचा एकही केस तिला चिकटलेला नको. तो चिकटला की ‘एलएनबी शॉर्ट’ असा संदेश येतो. जुनं टोक इंचभर छाटून नवा कनेक्टर बसवणं हे सगळ्यात स्वस्त औषध. वायर आरजी-६ घ्या. जोड देणं भागच असेल तर तारा पिळून टेप मारू नका, दोन्ही टोकांना कनेक्टर लावून जॉइंटर वापरा. एलएनबीजवळ वायरीला खाली झोका ठेवा, म्हणजे पाणी कनेक्टरपर्यंत न जाता झोक्यावरून ठिबकतं. मल्टिमीटर असेल तर एलएनबीकडच्या टोकाला मोजा: व्ही ट्रान्सपॉंडरवर १३ च्या आसपास व्होल्ट, एचवर १८ च्या आसपास. खाली बॉक्सवर आहे आणि वर नाही, म्हणजे वायर तुटली. बॉक्सवरच नाही, तर सेटिंगमध्ये एलएनबी पॉवर ऑफ तर नाही ते आधी बघा.

आता तो बंद-चालू. बाहेरच्या अडॅप्टरचा बॉक्स असेल तर संशय अडॅप्टरवर घ्या. त्यातला कपॅसिटर दमला की मोकळा मोजल्यावर १२ व्होल्ट दाखवतो, पण बॉक्स आणि एलएनबीचा भार पडला की ९-१० वर बसतो. बॉक्स सुरू होतो, एलएनबीला करंट देतो, व्होल्टेज पडतं, बॉक्स पुन्हा सुरू होतो. एलएनबीची वायर काढून चालवा. न थांबता चालला तर दोष अडॅप्टरचा किंवा एलएनबीकडच्या शॉर्टचा. नवा घेताना बॉक्सच्या मागे लिहिलेले व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनची मधली बाजू प्लस की मायनस हे खुणेवरून जुळवून. सप्लाय बॉक्सच्या आतच असेल तर घरी उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही ३०० च्या घरात व्होल्ट राहतात. ते काम रेडिओ-टीव्हीवाल्याला द्या आणि फुगलेले कपॅसिटर बदलायला सांगा. लाईट गेली की प्लग काढून ठेवायची सवयही लावा, आल्याबरोबर येणारा पहिला झटका वाईट. वीज कडाडत असेल तर प्लग आधी, मग छत्रीची वायर.

सगळं ठीक असून ठरावीक चॅनेल नसतील तर दोन कारणं. फ्री डिशवरच्या खासगी चॅनेलच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते आणि फेरबदल बहुतेक १ एप्रिलच्या सुमाराला होतो. तेव्हा जुनी यादी पुसून नव्याने ऑटो स्कॅन करावं लागतं, नेटवर्क सर्च ऑन ठेवून. दुसरं, काही चॅनेल एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) मध्ये येतात. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर ते दिसतच नाहीत, किंवा आवाज येतो आणि पडदा काळा. तेवढ्यासाठी मात्र नवा बॉक्स घ्यावाच लागतो, छत्री तीच चालते.

किरकोळ गोष्टी: चित्र काळं-पांढरं असेल तर पिवळी पिन चुकीच्या भोकात आहे किंवा मेनूत पाल ऐवजी एनटीएससी झालंय. एचडीएमआयवर पडदा कोरा असेल तर रिमोटवरचं व्हिडिओ फॉरमॅटचं बटण दाबत जा. रिमोट चालतो की नाही ते मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबल्यावर कळतं, बल्ब जांभळट चमकतो. काही फोनचा मागचा कॅमेरा ते दाखवत नाही, पुढचा वापरून बघा.

भाऊ, आता एवढं कळवा: ११०९० वर सकाळी ८ ला आणि दुपारी ३ ला दोन्ही पट्ट्यांचे आकडे, एलएनबीच्या लेबलवर काय लिहिलंय ते, आणि अडॅप्टर बाहेरचा आहे की आतला. एलएनबीकडच्या कनेक्टरचा जवळून फोटोही टाका.