बेडकाची कातडी, अफू आणि एम.एस्सी.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका वडिलांनी लिहिलंय: ‘मुलगी झूऑलॉजी घेऊन टी.वाय.ला आहे. अफूच्या जातीची औषधं बेडकाच्या कातडीतून क्षार आत-बाहेर जाण्यावर काय परिणाम करतात, यावर तिनं सेमिनार दिला. आता म्हणते, यातच पीएच.डी. करणार. पाहुण्यांना काय सांगू, अफू की बेडूक? यात पोट भरेल का?’

नमस्कार. पाहुण्यांना ‘फिजिऑलॉजी’ सांगा, पुढं कोणी विचारणार नाही.

पोटाचंच म्हणाल, तर जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी तुमच्याही घरात असेल. ती याच अफूच्या कुळातली. फक्त नेहमीच्या मात्रेत मेंदूत फारशी पोचत नाही, म्हणून नशा नाही. आतड्याची हालचाल मंदावते, मीठ-पाणी शोषायला सवड मिळते. रेसकॅडोट्रिल हे जुलाबावरचं दुसरं औषध तर शरीरानं स्वतः बनवलेली अफूसारखी द्रव्यं, एन्केफॅलिन, मोडू देत नाही, त्यामुळं आतड्यात पाझरणारं पाणी कमी होतं. म्हणजे लेकीचा विषय वाटतो तितका आडवळणाचा नाही.

मग बेडूक कशाला? गोड्या पाण्यात मीठ नावालाच, तरी बेडकाची कातडी त्यातून सोडियम आत ओढत राहते. डेन्मार्कच्या हान्स उसिंग यांनी १९५१ मध्ये सहकाऱ्यासह ते मोजून दाखवलं: कातडीचा तुकडा दोन कप्प्यांमध्ये पडद्यासारखा बसवायचा, दोन्हीकडं सारखंच मिठाचं पाणी, आणि दोन बाजूंमधलं व्होल्टेज बाहेरून शून्यावर धरायचं. त्यासाठी जो करंट द्यावा लागतो, तेच आत ओढल्या जाणाऱ्या सोडियमचं माप. आता अफूतलं मॉर्फिन टाकलं आणि करंट बदलला, तर लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत. दुसऱ्या तुकड्यावर आधी नॅलोक्झोन टाकायचं, ते अफूचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ती औषधं जिथं चिकटतात त्या जागा, अडवून बसतं. त्यानंतर मॉर्फिननं काहीच झालं नाही, तर परिणाम रिसेप्टरमार्फत होता. तरीही करंट हलला, तर औषध दुसरीकडंच कुठंतरी हात घालतंय. ही शंका घेण्याची सवय तिला लागली असेल, तर ती विषयापेक्षा मोलाची आहे.

बेडकांचा हट्ट मात्र सोडायला सांगा. पदवीच्या वर्गात विच्छेदन यूजीसीनं २०१४ मध्येच थांबवलं. मॉर्फिन अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, ग्रॅमचा हिशेब ठेवावा लागतो. तेच उपकरण आज प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या थरांवर, आतड्याच्या तुकड्यांवर चालतं. औषध शोषलं जातं का, हे फार्मा कंपन्याही त्यावर बघतात.

वाट सांगतो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. आहेच, पण यंदा जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, तीही द्यावी. बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात भौतिक आणि गणितही असतं, आणि झूऑलॉजीची मुलं नेमकी तिथंच आपटतात. एम.फार्म.चा नाद नको, त्याला बी.फार्म. लागतं. पुढं नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये फेलोशिप. ती नसेल तर पीएच.डी.ची पाच वर्षं ओढाताणीची जातात, आणि नंतरही कायम नोकरीला वेळ लागतो. तेवढी कळ तुम्ही सोसणार असाल तरच हो म्हणा.

त्याआधी एका संध्याकाळी पेढीवर तिला समोर बसवून विचारा: दोन्हीकडं मीठ सारखंच, व्होल्टेजही शून्य, मग हा करंट येतो कुठून? हळदीच्या पोत्यांशेजारी बसून तुम्हाला पटेल असं तिनं सांगितलं, तर जॅमची फी भरा.