रिपोर्ट नॉर्मल, मग आवाज कुठून येतात?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. आठ महिने झाले, त्याला माणसं बोलताना ऐकू येतात. 'बघ, आता उठला', 'आता चहा पितोय' असं त्याच्याबद्दलच बोलतात म्हणे. कानात कापूस घालून झोपतो. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगून गोळ्या दिल्या. एमआरआय नॉर्मल आला, तेव्हापासून काका म्हणतात, पोरगा नाटक करतोय. मग हे आवाज येतात कुठून?
– एक बहीण, जि. जळगाव

उत्तर : ताई, आधी काकांशी बोलते. काका, एमआरआय म्हणजे घराचा फोटो. भिंत खचली, गाठ आली तर दिसेल. घरातली माणसं एकमेकांशी नीट बोलतात का, ते फोटोत कसं दिसणार? या आजारात घोटाळा असतो तो तिथे, मेंदूच्या भागांमधल्या बोलाचालीत.

१९९३ साली लंडनच्या संशोधकांनी रुग्णांना आवाज येत असतानाच त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, आणि आवाज थांबल्यावर पुन्हा मोजला. आवाज चालू असताना तो वाढलेला सापडला 'ब्रोका' भागात. हा भाग बोलण्याचा, ऐकण्याचा नव्हे! म्हणजे मनातलं बोलणं त्याचंच असावं, पण ओळख पटत नाही.

का पटत नाही? स्कूटर चालवणाऱ्याला ब्रेकचा धक्का जाणवत नाही, मागे बसलेली मात्र पुढे आदळते. चालवणाऱ्याला आधीच ठाऊक असतं ना. आपण बोलतो तेव्हा बोलण्याचा भाग ऐकण्याच्या भागाला अशीच आगाऊ वर्दी देतो, 'मीच बोलतोय'. मग आपल्या आवाजाला मेंदू कमी दाद देतो. अमेरिकेत संशोधक ज्युडिथ फोर्ड यांनी डोक्याला इलेक्ट्रोड लावून हे मोजलं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ही दाद तेवढी कमी होत नाही, असं दिसलं. सगळं कोडं यातून सुटत नाही, पण नाटकाचा आरोप नक्की खोटा पडतो. कापसाचाही उपयोग नाही, आवाज कानातून येतच नाही. आणि हे वाचून नवीन स्कॅन करायला धावू नका. निदान स्कॅनवरून होत नाही, पैसे गोळ्यांना ठेवा.

माझ्या एक पेशंट आजी आवाज वाढले की भांडी घासताना हरिपाठ पुटपुटायच्या. तोंड चालू असेतो आवाज दबायचे. भावाला गुणगुणायला सांगून बघा. 'आवाज नाहीतच' असा वाद घालू नका. 'मला येत नाहीत, पण तुला येतात' एवढं पुरे. आवाज जिवाचं बरंवाईट करायला सांगत असतील, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६ हा फोन फुकट आहे.

एक राहिलं. आवाज कुणाचे आहेत, ते त्याला सवडीने विचारा. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुरमन यांनी कॅलिफोर्निया, आफ्रिकेतलं आक्रा आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० रुग्णांना हेच विचारलं होतं. चेन्नईत बऱ्याच जणांना नातेवाइकांचे आवाज येत, कामं सांगणारे, रागावणारे. काकांमुळे आजार झाला असं मुळीच नाही. पण टोमण्यांनी तो उलटू शकतो. हे पान काकांना वाचायला द्या.